बेंबीवरचा दुसरा ठोका

सुई तयार होती. ट्रेमध्ये हिरव्या कापडावर सिरिंज, लांब सुई, गॉज, सगळं मांडून झालं होतं. टेबलावर शोभाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांच्या पोटाला मी आयोडीन लावलं होतं, आणि लाइट जायला अजून चाळीस मिनिटं होती. त्या वर्षांत अकोल्यात आम्ही घड्याळाकडे कमी आणि लोडशेडिंगच्या वेळापत्रकाकडे जास्त बघायचो. इन्व्हर्टरवर मशीन चालायचं, पण पडद्यावरचं चित्र थरथरायचं. थरथरत्या चित्रावर कुणाच्या पोटात सुई घालू नये एवढी अक्कल मला होती. तेवढीच होती, हे पुढच्या दहा मिनिटांत कळलं.

बाहेर मंदाताईंचा आवाज चढला. मंदाताई आमच्या सेंटरचं रिसेप्शन सांभाळायच्या आणि सहसा आवाज चढवत नसत.

"अहो, आत काम चालू आहे. असं नाही जाता येत."

"कामासाठीच आली न मी. मले डाक्टरले दोन गोष्टी सांगाच्या हाय. सरक, माय."

दार उघडलं. साठीची एक बाई आत आली. डोक्यावर घट्ट पदर, खांद्याला काचेच्या बांगड्यांची जड थैली. ती चालली की थैली किणकिणायची. शोभाबाईंनी डोळे उघडले आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

"हमिदाबी आल्या," त्या मला म्हणाल्या. जणू मी वाटच पाहत होतो.

जठारपेठेतलं माझं सेंटर म्हणजे एका घराच्या पुढच्या दोन खोल्या. एकीत बाकडी, दुसरीत मशीन. मी रेडिओलॉजिस्ट. सोप्या भाषेत सांगायचं तर पोटाच्या आत काय आहे ते पोट न उघडता बघणारा डॉक्टर. मुंबईत तीन वर्षं मी त्याच्या पुढचंही शिकलो होतो, म्हणजे पोट न उघडता आतली दुरुस्ती करायची. पण गावी परतल्यावर ते शिकलेलं पेटीत पडून होतं. दिवसाला तीस-पस्तीस सोनोग्राफ्या करायच्या, रिपोर्टवर सह्या करायच्या आणि घरी जायचं. आज त्या दोन खोल्यांची आठवण आली की बरं वाटतं. तेव्हा मात्र मी सारखा चिडलेला असायचो.

ती वऱ्हाडाची वाईट वर्षं होती. कापसाला भाव नव्हता. पेपर उघडला की गावाकडची बातमी ठरलेली. खेड्यातून आलेल्या बाईनं पोट दुखतं म्हटलं की आम्ही डॉक्टर मंडळी मनातल्या मनात 'टेन्शन' असं लिहून मोकळे व्हायचो. आमचे सर्जन गावंडे सर म्हणायचे, "सतीश, सगळ्या वऱ्हाडाचंच पोट दुखून राहिलं. कोनाकोनाचं पाहशील?" सर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, हाताला अतिशय हलके आणि तोंडाला अतिशय जड.

शोभाबाई त्यांच्याकडूनच आल्या होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, चार बाळंतपणं, अंगानं काडी. नवरा-बायको अकोटच्या रस्त्यावरच्या एका गावात झेंडू आणि शेवंती लावायचे. पहाटे फुलं तोडायची, टोपल्या बांधायच्या आणि पहिल्या गाडीनं अकोल्याच्या बाजारात. सहा महिने डाव्या बाजूला वर दुखत होतं. टोपली उचलली की जास्त.

चार दिवसांपूर्वी मी त्यांची सोनोग्राफी केली होती. पोटात मागच्या बाजूला पँक्रियाज नावाची ग्रंथी असते. मराठीत स्वादुपिंड म्हणतात, पण ते नाव मी कुठल्या पेशंटच्या तोंडून ऐकलेलं नाही. तिच्या शेपटाजवळ मला एक गोल, काळी, मोठ्या लिंबाएवढी गाठ दिसली. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. म्हणून पाण्याने भरलेल्या गाठीला, म्हणजे सिस्टला, आम्ही काळ्या रंगावरूनच ओळखतो. गाठ थोडी हलत होती. शेजारी महाधमनी, म्हणजे पोटातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, असते. तिच्या धक्क्यानं हलत असेल, असं मी स्वतःलाच सांगितलं. बाहेर बावीस जण बसले होते. मी रिपोर्ट लिहिला: पँक्रियाजची सिस्ट, सुईने पाणी काढावे. खाली सही. सरांनी तो वाचला आणि पाणी काढायचं काम माझ्याकडेच परत पाठवलं. गुरुवार ठरला.

आणि त्या गुरुवारी सुई हातात घ्यायच्या वेळी ही बाई माझ्यासमोर उभी होती.

"तुम्ही पेशंटच्या कोण?" मी विचारलं.

"कोनी नाही. मी चुडीवाली. यायच्या गावात माझी फेरी असते."

"मग बाहेर बसा."

"बसते न. पन पयले ऐका. तुमी म्हनलं पोटात पाण्याची गाठ हाय. मी हिची बोंबी पाह्यली, साहेब. तीन सकाळ पाह्यली. पाण्याले ठोका नसते."

आता बोंबी म्हणजे बेंबी. वऱ्हाडात वजन उचललं, पाय घसरला आणि त्यानंतर पोट बिघडलं की बेंबी सरकली म्हणतात. ती बसवणारी माणसं गावोगाव असतात. सकाळी अनशापोटी माणसाला उताणं निजवायचं, पायाचे दोन्ही अंगठे जुळवून बघायचे, मग पाच बोटांची टोकं बेंबीवर ठेवून आतला ठोका शोधायचा. ठोका मधोमध असेल तर बेंबी जागेवर. नसेल तर दाबून, चोळून, अंगठे ओढून ती जागेवर आणायची. वैद्यकीय कॉलेजात आम्ही या प्रकारावर मनसोक्त हसलो होतो. बेंबी कुठे सरकत नाही. बोटाला लागतो तो महाधमनीचा ठोका.

माझं डोकं तापलं.

"तुम्ही हिचं पोट चोळलं?"

"नाही, अल्ला कसम. बोट ठेवलं अन् थांबली. बोंबीचा ठोका जागेवर होता. पन डावीकडं वर अजून एक ठोका लागला. येका पोटात दोन ठोके? मी म्हनलं, शोभे, हे माझं काम नोहे, दवाखान्यात जाय. आता तिथून हे पाणी निंगालं."

"मावशी, ते मशीनवर दिसलंय. मशीन चुकत नाही."

"मशीन नसन चुकत," ती म्हणाली. "तुमी हात लावून पाह्यला काय?"

लावला नव्हता. सोनोग्राफीवाल्याला हात लावायची सवयच राहत नाही. आमचा हात आणि पेशंटचं पोट यांच्यामध्ये कायम प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा दांडा, असतो, आणि प्रोबवर जेली.

मंदाताई दारात उभ्या. शोभाबाई आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होत्या. खरं सांगतो, त्या क्षणी मी हात ठेवला तो पेशंटसाठी नाही. या बाईचं तोंड बंद व्हावं म्हणून ठेवला.

"असा नाही," हमिदाबी म्हणाली. "पंजा नोका ठेवू. बोटाचे शेंडे. अन् दाबू नोका, नुसते ठेवा. शोभे, दम सोड."

शोभाबाईंनी श्वास सोडला. बेंबीपाशी ठोका लागला. मग हमिदाबीने माझं मनगट धरून चार बोटं डावीकडे, वर नेलं. आयोडीन पुन्हा लावावं लागणार, असा एक मूर्ख विचार मनात आला. आणि मग बोटांखाली काहीतरी फुललं. शेजारच्या धक्क्यानं हललेलं नाही, आतून चारी बाजूंनी फुललेलं. पुन्हा. पुन्हा.

मी सुईच्या ट्रेकडे बघितलं नाही. प्रोब उचलला आणि डॉप्लरचं बटण दाबलं.

डॉप्लर म्हणजे सोनोग्राफीचाच एक भाग. त्यात वाहतं रक्त रंगीत दिसतं. प्रोबकडे येणारं लाल, दूर जाणारं निळं. साचलेल्या पाण्याला रंग येत नाही. ते बटण माझ्या मशीनवर पहिल्या दिवसापासून होतं. गर्भाच्या तपासणीत मी ते वापरायचो. पोटाच्या साध्या तपासणीत वेळ जातो म्हणून नाही.

काळी गाठ रंगानं भरून गेली. अर्धी लाल, अर्धी निळी, आणि आत सगळं गरगर फिरत होतं.

ती सिस्ट नव्हती. तो अन्युरिझम होता. धमनीची भिंत एका जागी कमजोर होते आणि रक्ताच्या दाबानं तिथे फुगा येतो. सायकलचा टायर चिरला की त्यातून ट्यूब फुगून बाहेर येते, तसा. हा फुगा डाव्या फासळ्यांखालच्या प्लीहेला रक्त नेणाऱ्या धमनीवर होता. बायकांमध्ये हा प्रकार जास्त, त्यातही बरीच बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये. बहुतेकदा त्रास देत नाही. फुटला तर पोटातल्या पोटात रक्त जातं, आणि दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही.

आणि मी त्याच्यात जाड सुई घालणार होतो. अकोल्यात, दोन खोल्यांच्या सेंटरमध्ये, चाळीस मिनिटांच्या लाइटवर.

मी स्टुलावर बसलो.

"काय हाय?" हमिदाबीने विचारलं.

"रक्ताची नस फुगली आहे."

"मंग सुई?"

"सुई नाही."

तिने मान हलवली, थैली सावरली आणि बाहेर जाऊन बसली. तिचं काम झालं होतं.

प्रल्हादभाऊ, म्हणजे शोभाबाईंचे यजमान, बाजार आटोपून अकरा वाजता आले. शर्टाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. मी त्यांना फुगा समजावून सांगितला. ते म्हणाले, "पन चार दिवसाआंधी तं पाणी म्हनलं होतं."

"आज मशीनमध्ये जास्त स्पष्ट दिसलं," मी म्हणालो.

वाक्य खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. ते मी पुढे बरेच दिवस घशात घेऊन फिरलो.

गावंडे सरांना मात्र लगेच फोनवर सगळं सांगितलं.

"बोट ठेवून कळलं तिले?"

"हो सर."

"मी बी नाही न ठेवला हात," ते म्हणाले. "तुह्या रिपोर्टवर गेलो." मग आवाज बदलला. "ऑपरेशन करतो. पोट उघडून नस बांधायची, प्लीहा काढायची."

"हिमोग्लोबिन सात आहे, सर. आणि अंगावर काही नाही. मी आतून करतो. कॉइलनं."

"कुठी? तुह्या त्या दोन खोल्यांत?"

अमरावतीला एका खाजगी हॉस्पिटलात नुकतीच कॅथलॅब आली होती. कॅथलॅब म्हणजे हृदयाच्या अँजिओग्राफीची खोली. टेबलाभोवती फिरणारा एक्स-रे, त्यात रक्तवाहिन्यांच्या आत चाललेली तार दिसते. ती लॅब हृदयवाल्यांची. पण तार काही हृदयापाशीच जाते असं नाही.

"सतीश, एक इचारू? तुहं चुकलं म्हनून तुले जोर आला काय?"

प्रश्न बरोबर होता. मी रात्रभर त्यावर विचार करतो म्हणालो आणि पाच मिनिटांनी परत फोन लावला. "थोडं तेही आहे, सर. पण काम हे असंच करायचं असतं. मुंबईत मी अशा केसेस केल्या आहेत."

"मंग मी बी येतो तिथी. फाटलं तं पोट उघडाले कोनी पाह्यजे न."

शोभाबाईंना अमरावतीला नेलं ते रेल्वेनं. हायवेला तेव्हा खड्ड्यांमधून रस्ता शोधावा लागायचा, आणि प्रत्येक दणक्याला माझ्या डोळ्यांसमोर तो लाल-निळा फुगा आला असता. अकोल्याहून बडनेरा, तिथून पुढे ॲम्ब्युलन्स. शोभाबाई बर्थवर आडव्या, पायाशी प्रल्हादभाऊ, समोर मी ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन. आणि खिडकीशी हमिदाबी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मूर्तिजापूरला तिने सगळ्यांना चहा पाजला आणि मला विचारलं, "पोरं किती साहेब तुमाले?" मी एक म्हटलं. "येकच? काहून?" ती म्हणाली, आणि बडनेरा येईपर्यंत हा विषय सोडला नाही. इतकी भीती पोटात असूनही मी त्या प्रवासात हसलो होतो, हे आज आठवतं.

अमरावतीला सीटी स्कॅन झाला, दोन बाटल्या रक्त चढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ मिळाली. मुंबईहून कॉइलची पेटी आली. कॉइल म्हणजे प्लॅटिनमची केसासारखी तार. बारीक नळीत ती सरळ असते, बाहेर पडली की आपोआप वेटोळं घेते. साच्यातून कुरडई पडते, अगदी तशी. अशा चार-सहा कुरडया रक्तवाहिनीत एकमेकींवर बसल्या की तिथे रक्त गोठतं आणि वाट बंद होते.

पण त्याआधी बांगड्यांवरून अडलं. हात अंगालगत ठेवले की काचेच्या बांगड्या एक्स-रेत मध्ये येतात. नर्सनं पक्कड आणली. शोभाबाईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नवरा जिता हाय माहा. बांगड्या वाढवाच्या नाही."

वाढवणं म्हणजे फोडणं. फोडणं हा शब्द तोंडातून काढायचा नाही. नर्स म्हणाली, नियम आहे. प्रल्हादभाऊ भिंतीकडे बघत उभे. मी घड्याळाकडे. कॅथलॅब आम्हाला दोनच तास मिळाली होती, नंतर हृदयवाल्यांचा पेशंट.

हमिदाबीनं साबण मागितला. शोभाबाईंचा हात मांडीवर घेतला, अंगठा तळव्यात दुमडला, आणि गावातल्या कुणाच्या लग्नात भाजी कशी खारट झाली होती ते सांगायला लागली. सांगता सांगता एकेक बांगडी उतरली. बारा हिरव्या बांगड्या, एकही तडकली नाही. मग थैलीतून हळदीत बुडवलेला दोरा काढून दोन्ही मनगटांना बांधला. "रिते नाही हात. हे बांगडीच समज. या बारा मी राखते, तू बाहीर आली की ह्याच भरीन."

कॅथलॅबमध्ये पेशंट जागा असतो. मांडीच्या सांध्यात भूल द्यायची, तिथल्या धमनीत छोटं छिद्र करून नळी घालायची. जखम म्हणाल तर तांदळाच्या दाण्याएवढी. नळी वर पोटात न्यायची, मग प्लीहेच्या धमनीत. ही धमनी सरळ जात नाही, नागमोडी जाते. आणि ती दोन्हीकडून बंद करावी लागते. फक्त अलीकडची बाजू बंद केली तर रक्त दुसऱ्या वाटांनी फिरून पलीकडून फुग्यात शिरतं. म्हणजे आधी फुगा ओलांडून पलीकडे जायचं, मागचं दार लावायचं, मग माघारी येऊन पुढचं. प्लीहा सहसा मरत नाही, तिला जठराकडून येणाऱ्या लहान वाटा पुरतात.

अडचण ओलांडण्याची होती. नळीला वाट दाखवणारी तार फुग्यापर्यंत जायची आणि आत शिरून गोल फिरायची. पलीकडचं तोंड सापडेना. आणि आतून टोक भिंतीला लागणं म्हणजे काय, ते मला आणि काचेपलीकडे हातमोजे घालून उभ्या असलेल्या गावंडे सरांना, दोघांनाच माहीत होतं. एकदा, दोनदा, पाचदा. तास गेला. शिशाच्या ॲप्रनखाली माझा शर्ट ओला झाला होता. हात घट्ट झाले होते आणि तार ढकलली जाते आहे हे मला कळत होतं. ढकलायची नसते.

चित्र स्थिर यावं म्हणून आम्ही पेशंटला श्वास रोखायला सांगतो. मी म्हणालो, "श्वास धरा." नळीतून एक्स-रेत दिसणारा रंग सोडला, चित्र बघितलं. पलीकडचं तोंड खालच्या अंगाला आहे की वरच्या, यात मी हरवून गेलो.

टेबलावरून बारीक आवाज आला. "सोडू काय, डाक्टर?"

मी 'सोडा' म्हणायचं विसरलो होतो. बाई लाल झाल्या होत्या.

"सोडा, सोडा!"

त्यांनी मोठा श्वास टाकला आणि म्हणाल्या, "तुमी बी सोडा. तुमीच धरून राहिले कवाचे."

काचेपलीकडे गावंडे सर हसले. टेक्निशियन हसला. मीही हसलो, आणि खांदे खाली आले. तार दोन बोटांत नुसती धरली, ढकलली नाही. शोभाबाईंनी पुन्हा श्वास सोडला, पोट खाली गेलं, धमनीचं वळण किंचित उघडलं आणि तार आपली आपण पलीकडे गेली. मी इतका दचकलो की क्षणभर काही केलंच नाही.

पुढचं काम शांतपणे झालं. मागच्या दाराला चार कॉइल, पुढच्याला पाच. पुन्हा रंग सोडला. धमनी कॉइलपर्यंत आली आणि थांबली. फुगा चित्रात नव्हता. प्लीहा हळूहळू दुसऱ्या वाटांनी भरली. मी मास्क खाली केला आणि तसाच उभा राहिलो. सर आत आले, हातमोजे काढून डब्यात टाकले. "वाया गेले," म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी आयुष्यात ऐकलेली नाही.

सहा तास पाय सरळ ठेवून निजायचं होतं. वॉर्डात मी बघायला गेलो तेव्हा पाय सरळ होता आणि हात हमिदाबीच्या मांडीवर. त्याच बारा बांगड्या परत चढत होत्या. दहा चढल्या. अकरावी तडकली. हमिदाबीनं ती बाजूला ठेवली, थैलीतून तशीच हिरवी दुसरी काढली. "बांगडी गेली म्हंजे बला गेली," ती म्हणाली. हे तिनं तिथल्या तिथे बनवलं होतं असा मला आजही संशय आहे. पण शोभाबाईंचा चेहरा सैल झाला.

दोन दिवस थोडा ताप आला, डावी बाजू दुखली. ते अपेक्षित असतं. पाचव्या दिवशी सुट्टी मिळाली. मी मुद्दाम अकोल्याहून गेलो होतो. प्रल्हादभाऊंनी गावाहून शेवंतीचा हार आणला होता. पांढरा, गुडघ्यापर्यंत लांब, पहाटे ओवलेला. वॉर्डात सगळ्यांसमोर त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला.

घशातलं ते वाक्य तिथे मला पुढे गिळता येईना. मी हार काढून हातात घेतला.

"भाऊ, त्या दिवशी मशीनमध्ये जास्त स्पष्ट दिसलं नाही. आधीही तसंच दिसलं होतं. मी नीट बघितलं नव्हतं. चूक माझी होती. हमिदाबी आत आल्या नसत्या तर मी सुई घातली असती."

प्रल्हादभाऊ माझ्याकडे बघत राहिले.

"घातली असती तं?"

"रक्त थांबलं नसतं."

कॉटवर शोभाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी शिव्या ऐकायची तयारी केली. त्या मिळाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग प्रल्हादभाऊंनी पुढे येऊन माझ्या हातातला हार घेतला.

"मंग हे तुमाले नाही," ते म्हणाले. "पन दुरुस्त बी तुमीच केलं. तं अर्धा घ्या." आणि खरोखरच त्यांनी हाराचा दोरा तोडला, दोन्ही टोकांना गाठी मारल्या, अर्धा माझ्या हातात दिला आणि अर्धा घेऊन हमिदाबीकडे गेले.

"हाव, मले काय कराचा हार?" ती ओरडली. पण घातला. बडनेऱ्यापर्यंत गळ्यात होता, असं नंतर प्रल्हादभाऊंनी मला सांगितलं.

पुढे अमरावतीला मी आठवड्यातून दोन दिवस जायला लागलो. पेटीतलं शिक्षण बाहेर निघालं. आता माझं मशीन तेव्हाच्या चौपट शहाणं आहे, लाइट फारशी जात नाही, आणि डॉप्लर प्रत्येक पोटावर लागतो. शोभाबाई वर्षातून एकदा दाखवायला येतात. एक्स-रेत नऊ कुरडया दिसतात. पहिला रिपोर्ट, सहीसकट, माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. नवीन डॉक्टर शिकायला आले की आधी तो वाचायला देतो.

मध्ये काही वर्षांनी हमिदाबी स्वतः आली. केस पांढरे, फेरी बंद, थैली नव्हती. तिच्या चालण्याला आवाज नाही, याचंच मला वाईट वाटलं. उजवीकडे दुखतं म्हणाली. मी तिला टेबलावर घेतलं, हात चोळून गरम केले आणि बोटांचे शेंडे तिच्या बेंबीवर ठेवले. दाबलं नाही.

"काय पाहून राहिले, साहेब?"

"ठोका."

"किती हाय?"

"एकच."

"जागेवर हाय?"

"जागेवर आहे."

"मंग लावा आता तुमची मशीन."

लावली. पित्ताशयात मोठा खडा होता. हा मात्र बोटाला कळला नसता, असं मी तिला सांगितलं. इतक्या वर्षांनी एक गुण मिळवायची मला घाई झाली होती.

तिनं जरा विचार केला.

"मंग दोन्ही ठेवा," ती म्हणाली. "पन बोट पयले."